मराठी अक्षराला मराठीचे माप द्या

मराठी संकेतस्थळांवरचा मजकूर फार बारीक असतो. शासकीय पाने, बँकांचे अर्ज, विद्यापीठांच्या सूचना, बातम्या यांपैकी काहीही उघडून पाहा. इंग्रजीत सहज वाचता येणारे पान मराठीत वळवले की डोळे ताणावे लागतात. तंत्रज्ञानाची कोणतीही मर्यादा याला कारणीभूत नाही. इंग्रजीसाठी ठरलेले अक्षराचे माप देवनागरीला जसेच्या तसे लावले जाते आणि ते कुणी तपासून पाहत नाही, एवढेच याचे कारण. हे माप बदलले पाहिजे, आणि ते बदलणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

प्रश्न सौंदर्याचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. आज सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, विजेचे बिल, दहावीचा निकाल, निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला आणि बँकेचे खाते हे सारे फोनच्या पडद्यावर आले आहे. तो पडदा वाचणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेल्यांची संख्या मोठी आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. हा आजार नाही, प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ही शरीराची अवस्था आहे. त्यात चष्मा घरी राहिलेला असतो, काच तडकलेली असते, शेताच्या बांधावर डोक्यावर ऊन असते. अशा वेळी अक्षर वाचता आले नाही की माणूस फोन दुसऱ्याच्या हातात देतो. शेजारचा मुलगा, दुकानदार, सेवा केंद्रातला कर्मचारी, जो जवळ असेल तो वाचून दाखवतो. खाते क्रमांक, आलेला ओटीपी, कर्जाच्या अटी हे सगळे त्याच्या डोळ्यांखालून जाते. बारीक अक्षरामुळे साक्षर माणसाचेही स्वावलंबन जाते, आणि फसवणुकीला वाट मोकळी होते. अक्षराच्या आकाराचा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

आता मापाकडे वळू. पान बनवणाऱ्याने वेगळे काही सांगितले नसेल तर प्रमुख ब्राउझर मजकूर १६ पिक्सेलमध्ये दाखवतात. वेबपानांची रचना ठरवणाऱ्या सीएसएसच्या मोजणीत ९६ पिक्सेलचा एक इंच होतो. छपाईत ७२ पॉइंटांचा एक इंच. म्हणजे १६ पिक्सेल हे १२ पॉइंटांबरोबर येतात. छापखान्यातल्या माणसांना हे माप ओळखीचे आहे. मात्र हा पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे. हातभर अंतरावरून पाहताना त्याचा डोळ्याशी जो कोन होतो, त्यावरून हे एकक बांधलेले आहे. फोन आपण जवळ धरतो, म्हणून फोनवरचा पिक्सेल प्रत्यक्षात लहान असतो. तेव्हा १६ हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. डोळा आणि पडदा यांतले अंतर त्यात जमेस धरले आहे. रोमन लिपीतला सलग मजकूर वाचायला तो पुरेसा ठरतो. देवनागरीला तो अपुरा पडतो.

का पडतो, हे लिपीची घडण पाहिली की कळते. अक्षराचा आकार म्हणून जो आकडा लिहिला जातो, तो अक्षराची उंची सांगत नाही, अक्षर ज्या चौकटीत बसवले आहे त्या चौकटीची उंची सांगतो. देवनागरीत या चौकटीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि चंद्र मावावे लागतात. खाली उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण आणि उभ्या जोडाक्षरांचा खालचा भाग असतो. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दात एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार येतात. ‘कर्तृत्व’ लिहिताना ‘तृ’च्या वर रफार आणि खाली ऋकार असतो. वर-खाली एवढी जागा राखून ठेवल्यावर अक्षराच्या धडाला मधला पट्टा उरतो. त्या पट्ट्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ह्य’ यांच्या रेषा, गाठी आणि पोकळ्या बसवायच्या असतात. रोमन ‘ओ’ला एक वेटोळे पुरते, ‘एन’ला दोन दांड्या पुरतात. तेवढ्याच पिक्सेलांत देवनागरीला कितीतरी अधिक तपशील दाखवावा लागतो. आकार कमी झाला की सर्वांत आधी अक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजते, आणि अक्षर ओळखायला डोळ्याला आधार असतो तो नेमका याच पांढऱ्या जागेचा.

म्हणून बारीक देवनागरीत चुका होतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांत फरक असतो तो एखाद्या गाठीचा, एका तिरक्या रेघेचा किंवा शिरोरेखेतल्या छोट्या खंडाचा. ‘लाभार्थ्याने’ आणि ‘लाभार्थ्यांनी’ या शब्दांत एक माणूस की अनेक माणसे, याचा निम्मा निवाडा एका टिंबावर असतो. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात. देवनागरी अंकांतला १ आणि ९ घाईत सारखे दिसतात, आणि रक्कम किंवा खाते क्रमांक वाचताना संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही. शब्द चुकला तर वाक्य सावरून घेते, पण अंकाला असा आधार नसतो.

आपल्या छापखान्यांना हे फार पूर्वी उमगले होते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या सोबतीला राणोजी रावजी आरूंसारखा अक्षरे कोरणारा कारागीर होता. निर्णयसागरचे खिळे वळणदार, सुबक आणि वाचायला सोपे म्हणून नावाजले गेले. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचे अक्षर वेगळे कोरावे लागे. लहान आकार कोरताना जाणता कारागीर अक्षराचे पोट थोडे मोकळे ठेवी, रेषा आणि गाठी जपून घेई. मोठ्या अक्षराची नुसती लहान प्रत काढून भागत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. संगणकावरच्या बहुतेक फॉन्टमध्ये एकच आराखडा सगळ्या आकारांना ताणून किंवा दाबून वापरला जातो. कारागीर प्रत्येक आकारासाठी घेत असलेली ती काळजी यंत्र आपण होऊन घेत नाही. ती जबाबदारी आता पानाचे माप ठरवणाऱ्यावर आली आहे. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तो प्रसिद्ध केला. या विषयाचा एवढा विचार ज्या राज्यात झाला, त्या राज्यात आजचे पान इंग्रजीच्या उरल्यासुरल्या मापात बसवले जाते, ही खरी खंत आहे.

ही पद्धत कशी रुजली तेही पाहिले पाहिजे. मायक्रोसॉफ्टसाठी मॅथ्यू कार्टर यांनी रेखाटलेला व्हर्डाना हा फॉन्ट १९९६ मध्ये आला. तो खास पडद्यासाठी केलेला होता. त्याची लहान लिपीतली अक्षरे अंगाने मोठी आणि मोकळी होती, म्हणून ११ पिक्सेलमध्येही इंग्रजी मजकूर वाचता येई. त्या काळच्या पडद्यांवर जागा कमी होती आणि असे बारीक मजकुराचे आराखडे सर्वत्र पसरले. पुढे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट आला आणि युनिकोड मराठीला संगणकावर घर मिळाले. मराठी पाने तयार होऊ लागली, पण आराखडे इंग्रजीचे राहिले. व्हर्डानाला जे माप झेपत होते, तेच मंगलला मिळाले. त्यानंतर फॉन्ट बदलले आणि पडदे बदलले, तरी आधी इंग्रजी पान बनवायचे, त्यात मराठी मजकूर ओतायचा आणि काम पूर्ण झाल्याचे सांगायचे, ही रीत बदलली नाही.

याहून गंभीर बाब अशी की, बारीक ठेवलेले अक्षर वाचकाला मोठेही करू दिले जात नाही. संगणकावरच्या क्रोममध्ये मजकुराचा आकार मध्यम असतो तेव्हा तो १६ पिक्सेल असतो. ‘मोठा’ निवडला की २० आणि ‘खूप मोठा’ निवडला की २४ होतो. पण पान बनवणाऱ्याने मजकुराचा आकार थेट पिक्सेलमध्ये बांधून टाकला असेल, तर वाचकाची ही निवड तेथे लागू होत नाही. तोच आकार ‘रेम’ या एककात लिहिला असता तर वाचकाने निवडलेल्या मापाच्या पटीत अक्षर वाढले असते. काही ठिकाणी आकार पडद्याच्या रुंदीच्या टक्केवारीत लिहितात. असे अक्षर झूम केल्यावरही पुरेसे वाढत नाही. आणि काही पानांवर तर दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोयच एका सूचनेने बंद केलेली असते. आयफोनवरच्या सफारीने २०१६ पासून ही बंदी मानणे सोडून दिले. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ती झुगारण्याची सोय आहे, पण ती सेटिंगच्या आत कुठेतरी असते आणि जिला तिची सर्वाधिक गरज आहे, त्या आजीला ती सापडणार नाही. वाचकाच्या डोळ्याने मागितलेली वाढ नाकारण्याचा अधिकार कोणत्याही पानाला नाही.

जगभर मान्य असलेली सुगम्यतेची तत्त्वेही हेच सांगतात. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची ही तत्त्वे अक्षराचा किमान आकार ठरवून देत नाहीत. मजकूर दुपटीपर्यंत मोठा केला तरी पानावरचे काही हरवता कामा नये आणि काही बंद पडता कामा नये, एवढी अट घालतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले प्रमाण साध्या मजकुराला किमान साडेचारास एक असावे, असेही त्यांत सांगितले आहे. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली आणि तिने या जागतिक तत्त्वांचा आधार घेतला आहे. सुगम्यतेचा आग्रह धरणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा कायद्याची बाजू पुरेशी स्पष्ट आहे. तरी त्या चौकटीत एक जागा रिकामी आहे. देवनागरीत सुरुवातीचा आकार किती असावा, हे मराठीत काम करणाऱ्यांनीच ठरवायचे आहे. आपल्यासाठी ते दुसरे कोणी ठरवणार नाही.

आमची सूचना अशी. सलग मराठी मजकुराचा मूळ आकार फोनवर १८ पिक्सेलच्या खाली नसावा आणि संगणकावर तो १८ ते २० असावा. तो ‘रेम’मध्ये लिहावा, म्हणजे १६ च्या पटीत १.१२५ ते १.२५ असे सरळ लिहिता येईल. तारखा, चित्रांच्या ओळी आणि अर्जातल्या सूचना १६ च्या खाली जाऊ नयेत. अटी-शर्तींचे अक्षर तर मुख्य मजकुराएवढेच असावे, कारण माणूस सही त्यांच्यावर करत असतो. अर्जातल्या रकान्यांनाही हेच लागू आहे. रकान्यातले अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन तेथे बोट टेकताच पान आपोआप मोठे करतो आणि अर्ज भरणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आकार वाढवला आणि ओळी तशाच दाटीत ठेवल्या तर उपयोग होत नाही. इंग्रजीत दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट असले की पुरते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना भिडू नयेत यासाठी ते १.६ ते १.७५ पट हवे. बटणांची आणि रकान्यांची उंची पक्की बांधू नये. ती बांधली की वरचा अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जातो, आणि वाचकाने अक्षर मोठे केले की अर्धा शब्दच गायब होतो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी मथळ्यांतली हौस देवनागरीत आणू नये. शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. फोनच्या अरुंद पडद्यावर मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नये. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ एवढे लांब शब्द होतात, आणि ओळ ताणली की शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात. डाव्या कडेला सरळ, उजवीकडे मोकळी अशी ओळ डोळ्याला सोपी जाते. फिकट राखाडी रंग आणि अतिशय बारीक रेषेचा फॉन्ट ही जोडी तर देवनागरीत पूर्ण टाळावी.

फॉन्टची निवडही मापाचाच भाग आहे. १८ पिक्सेलमध्ये दोन फॉन्ट ठेवून पाहिले तर एकाचे अक्षर दुसऱ्याहून ठळकपणे मोठे दिसू शकते, कारण चौकटीत धडाला किती जागा द्यायची हे प्रत्येक रेखाटनकार आपल्या परीने ठरवतो. आज चांगल्या फॉन्टची टंचाई नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे मोफत मिळतात. मुक्तासारख्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपी आहेत, त्यामुळे मराठी वाक्यात इंग्रजी शब्द आला तरी तो उपरा वाटत नाही. फॉन्ट ठरवला की खऱ्या मराठी मजकुरावर तो तपासावा. जोडाक्षरे, रफार आणि अंक ज्यात भरपूर आहेत असा एखादा शासन निर्णय किंवा निकालपत्र घ्यावे. कार्यालयातल्या मोठ्या, लखलखीत पडद्यावर तपासून भागणार नाही. स्वस्त फोनवर, उन्हात आणि साठीच्या माणसाच्या हातात देऊन तपासावे. तो न अडखळता वाचू शकला, तरच माप बरोबर आहे.

यावर आक्षेप येतात. पहिला आक्षेप जागेचा. अक्षर मोठे केले की एका पडद्यात मजकूर कमी मावतो, हे खरे आहे. पण फोनवर माणूस बोटाने पान सरकवतच असतो, त्याला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो न वाचता येणाऱ्या ओळीचा. जागा खरोखरच कमी पडत असेल तर मजकूर कमी करावा. एका सूचनेत तीन वेळा तेच सांगणारी शासकीय वाक्ये छाटली तर मोठ्या अक्षरालाही जागा पुरेल. दुसरा आक्षेप दिसण्याचा. मोठे अक्षर बोजड दिसते, असे सांगितले जाते. ते बोजड दिसते, कारण त्याच्या भोवतीची ओळ, कडा आणि मोकळी जागा बारीक अक्षरासाठी मापलेली असते. सगळी रचना मराठी अक्षरापासून सुरू केली तर हा बोजडपणा राहत नाही. तिसरा आक्षेप असा की, पानावर ‘अ+’चे बटण दिलेले आहे. बटण असावे, पण ज्याला अक्षर दिसत नाही त्याला ते बटणही दिसत नाही. सुरुवातीचा आकार चांगला असला आणि वाचकाच्या फोनमधली व ब्राउझरमधली निवड पानाने मानली, तर त्या बटणावर विसंबण्याची वेळ फारशी येत नाही.

मजकूर चित्र म्हणून लावण्याची सवयही याच प्रश्नाचा भाग आहे. सूचना, जाहिराती, परिपत्रके यांची छायाचित्रे किंवा स्कॅन केलेली पीडीएफ पानावर ठेवली जातात. त्यांतले अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. डावीकडून उजवीकडे सरकवत प्रत्येक ओळ वाचावी लागते. दृष्टिहीनांच्या वाचनयंत्राला अशा छायाचित्रातले शब्द भरवशाने वाचता येत नाहीत. ए-फोर कागदासाठी मांडलेले पान फोनवर वाचता येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. सूचना युनिकोड मजकुरातच हवी, कागदासाठीची पीडीएफ हवी तर तिच्या जोडीला ठेवावी.

हे सगळे करायला कोणताही मोठा निधी लागत नाही. आकाराचे एकक बदलणे, ओळींतले अंतर वाढवणे आणि झूमवरची बंदी काढणे ही एखाद्या जाणत्या माणसाची थोडक्या वेळाची कामे आहेत. लागतो तो निर्णय. तो घेण्याची जागा निविदेत आहे. शासनाचे विभाग, महापालिका, विद्यापीठे, सहकारी बँका आणि वृत्तपत्रे संकेतस्थळाचे काम देताना रंग, बोधचिन्ह आणि मुदत यांच्या अटी लिहितात. त्यांत आणखी चार अटी लिहाव्यात: सलग मराठी मजकूर किमान १८ पिक्सेल आणि ‘रेम’मध्ये, ओळींतले अंतर किमान १.६ पट, झूमला पूर्ण मुभा, आणि मजकूर दुप्पट केल्यावरही प्रत्येक अर्ज चालला पाहिजे. या अटी पुऱ्या झाल्याखेरीज बिल मंजूर करू नये. मराठीत सेवा दिल्याचे श्रेय घ्यायचे असेल, तर ती सेवा मराठी माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे.